तख्त आणि मिंबर : इराण शिया कसा झाला?

पश्चिम आशियात कुठे ठिणगी पडली की आपल्याकडच्या बातम्यांत एक वाक्य हमखास येते : शिया इराण आणि सुन्नी अरब यांचे वैर चौदाशे वर्षांचे आहे. हे वाक्य अर्धेच खरे आहे. शिया आणि सुन्नी यांच्यातला मतभेद तेवढा जुना आहे. पण इराण शिया असणे ही गोष्ट तेवढी जुनी नाही. इराणी भूमीवर इस्लाम आला सातव्या शतकात. तेव्हापासून सोळावे शतक उजाडेपर्यंत, म्हणजे साडेआठशे वर्षे, हा देश बहुसंख्येने सुन्नी होता.

नुसता सुन्नी नव्हता, तर सुन्नी विद्येचे माहेरघर होता. पैगंबरांच्या वचनांचे, म्हणजे हदीसचे, जे सहा संग्रह सुन्नी जग प्रमाण मानते, त्यांचे सहाही संकलक इराणी संस्कृतीच्या प्रदेशातले. बुखारी बुखाऱ्याचे, मुस्लिम निशापूरचे, तिर्मिझी तिर्मिझचे, अबू दाऊद सिस्तानचे, नसाई खुरासानमधल्या नसाचे आणि इब्न माजा कझवीनचे. सुन्नी धर्मविचाराला ज्यांनी वळण दिले ते गझाली खुरासानातल्या तूसचे. आज त्याच तूसपासून काही कोसांवर मशहद हे शियांचे महातीर्थ आहे आणि निशापूर, कझवीन ही शिया शहरे आहेत.

एवढ्या मोठ्या देशाने आपला पंथ बदलला कसा? ‘राजाने बदलायला लावला’ असे याचे उत्तर सहसा दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. राजाज्ञेने पंथ बदलण्याचे प्रयोग इतरत्रही झाले आणि फसले. त्यातले काही तर आपल्या अहमदनगर-विजापुरात झाले. इराणातच तो टिकला, कारण तिथल्या राजांनी आज्ञेमागोमाग एक संस्था उभी केली. पुढे ती संस्था राजांपेक्षा मोठी झाली आणि अखेर तिने राजालाच घालवले. या लेखात ही साखळी पाहायची आहे.

मतभेद नेमका कशाचा?

इ. स. ६३२ मध्ये पैगंबर मुहंमद यांचे निधन झाले. त्यांच्यामागे समाजाचे नेतृत्व कोणी करायचे, हा पहिला प्रश्न. बहुसंख्यांनी अबू बक्र यांना खलिफा मानले. काहींच्या मते हा अधिकार पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई अली यांचा होता. हे अलींच्या पक्षाचे लोक. ‘शिया’ या शब्दाचा अर्थच पक्ष किंवा अनुयायी असा आहे. अली चौथे खलिफा झाले, पण ६६१ मध्ये त्यांची हत्या झाली. ६८० मध्ये त्यांचे पुत्र हुसेन करबलाच्या मैदानावर उमय्या खलिफा यझीदच्या सैन्याकडून मारले गेले. मोहरमचा शोक आहे तो या घटनेचा.

शियांमध्येही पुढे शाखा झाल्या. येमेनमध्ये रुजलेले झैदी पाचव्या इमामापाशी वेगळे झाले, तर इस्माईली सातव्यापाशी. इस्माईलींच्या एका शाखेचा डोंगरी किल्ला आलमूत हा इराणातलाच. त्याच शाखेचे इमाम आगाखान पहिले एकोणिसाव्या शतकात इराणच्या शहाशी बिनसल्यावर मुंबईला आले. माझगावचा हसनाबाद मकबरा त्यांचा. इराणात आज ज्यांची बहुसंख्या आहे ते मात्र बारा इमाम मानणारे शिया, म्हणजे इस्ना अशरी.

त्यांच्या श्रद्धेतली एक गोष्ट पुढचा सगळा इतिहास समजायला आवश्यक आहे. बारावे इमाम ८७४ मध्ये दृष्टिआड झाले, ते जिवंत आहेत आणि अंतकाळी प्रकट होतील, असे हे शिया मानतात. म्हणजे खरा अधिकारी आहे, पण समोर नाही. मग तो येईपर्यंत त्याच्या नावाने न्याय कोणी द्यायचा, कर कोणी घ्यायचा, शुक्रवारच्या नमाजाचे पुढारपण कोणी करायचे? तख्तावर बसलेल्या राजाने की धर्मशास्त्र जाणणाऱ्या पंडिताने? सत्ता शियांच्या हाती नव्हती तोवर हा प्रश्न ग्रंथांपुरता होता. इराणात तो राज्यकारभाराचा प्रश्न झाला.

आधीचा एक फसलेला प्रयोग

सोळाव्या शतकाआधी इराणात शिया नव्हतेच असे नाही. कुम, काशान, सब्झवार ही त्यांची जुनी ठाणी होती. दहाव्या-अकराव्या शतकांत बुवैही हे शिया घराणे बगदादपर्यंत सत्ता गाजवत होते. पण त्यांनी सुन्नी खलिफाला गादीवरून हलवले नाही की प्रजेचा पंथ बदलायला घेतला नाही.

तो प्रयत्न केला चंगीझखानाच्या वंशातल्या ओल्जाइतू या मंगोल सुलतानाने. १३१० च्या सुमारास त्याने शिया पंथ स्वीकारला. हिल्ला गावचे विख्यात शिया पंडित अल्लामा हिल्ली त्याच्या दरबारात होते. नाण्यांवर बारा इमामांची नावे आली आणि खुत्बा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाबरोबर मिंबरावरून दिले जाणारे प्रवचन, बदलण्याचे हुकूम सुटले. बगदाद, शिराझ आणि इस्फहान या शहरांनी ते हुकूम धुडकावले, असे प्रवासी इब्न बतूता सांगतो. शिराझच्या काझीला शिक्षा म्हणून शिकारी कुत्र्यांपुढे टाकले, तर कुत्री त्याच्यापुढे शेपूट हलवू लागली, अशी दंतकथाही त्याने नोंदवली आहे. कथा खरी असो वा नसो, शहरांचा कल कुठे होता ते तिच्यावरून कळते. १३१६ मध्ये ओल्जाइतू वारला. त्याचा मुलगा अबू सईद सुन्नी राहिला आणि प्रयोग तिथेच संपला. राजा होता, आज्ञा होती, थोर पंडितही होता. पण गावोगावच्या मिंबरावर चढणारी माणसे नव्हती.

तबरेज, १५०१

यानंतर दोनशे वर्षांनी ज्या घराण्याने हे काम तडीस नेले त्याचा मूळ पुरुष शिया नव्हता, ही यातली गंमत. कास्पियन समुद्राजवळच्या अर्दबील गावी शेख सफीउद्दीन (१२५२–१३३४) नावाचे सूफी होऊन गेले. ते सुन्नी परंपरेतले. त्यांच्या नावावरून घराणे सफवी म्हणवले गेले. पंधराव्या शतकात शेख जुनैद आणि शेख हैदर यांच्या काळात या सूफी गादीने शस्त्र हाती घेतले आणि तुर्कमान टोळ्यांतून लढवय्ये मुरीद जमवले. बारा इमामांच्या नावे बारा चुण्यांची लाल टोपी घालणारे हे ‘किझिलबाश’, म्हणजे लाल डोक्याचे. त्यांचा पंथ शास्त्रशुद्ध शिया पंथ नव्हता; अलींवरची उत्कट भक्ती आणि आपल्या पीरात ईश्वरी अंश पाहणे, असे ते मिश्रण होते.

हैदरचा मुलगा इस्माईल १५०१ मध्ये तबरेज जिंकून शहा झाला तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. खुत्बा बारा इमामांच्या नावे वाचला जाईल आणि अजानमध्ये अली हे अल्लाचे वली असल्याची साक्ष दिली जाईल, असे त्याने जाहीर केले. तबरेजचे दोनतृतीयांश लोक सुन्नी आहेत, त्यांनी बंड केले तर काय करायचे, अशी भीती सल्लागारांनी बोलून दाखवली. तेव्हा, कोणी एक शब्द काढला तर तलवार उपसून एकालाही जिवंत ठेवणार नाही, अशा अर्थाचे उत्तर या मुलाने दिल्याचे एक सफवी बखर सांगते. तसेच घडले. पहिल्या तीन खलिफांची भर रस्त्यात निर्भर्त्सना करणारी ‘तबर्राई’ मंडळींची पथके बाजारांतून फिरू लागली. ऐकणाऱ्याने त्यांना साथ द्यायची, न देणाऱ्याच्या जिवाला धोका. सुन्नी उलेमा मारले गेले किंवा हिरात, बुखारा आणि उस्मानी तुर्कांच्या मुलखात पळून गेले. सफवी स्वतः सूफी, पण इतर सूफी तरीके मोडीत काढण्यात त्यांनी कसर ठेवली नाही.

एवढ्या जुलमामागे श्रद्धा होती आणि राजकारणही होते. इराणच्या पश्चिमेला उस्मानी तुर्क, पूर्वेला उझबेक, दोन्ही सुन्नी. भाषेने तुर्की असलेल्या या नव्या घराण्याला आपले राज्य शेजाऱ्यांपासून वेगळे दाखवायचे होते. १५१४ मध्ये चाल्दिरानच्या लढाईत उस्मानी सुलतान सलीमच्या तोफांपुढे किझिलबाशांचा धुव्वा उडाला. पीर अजिंक्य आहे हा भ्रम त्या दिवशी फुटला. आता राज्य केवळ मुरीदांच्या भक्तीवर चालणार नव्हते.

ग्रंथ नव्हते, माणसे नव्हती

हसन रुमलू हा सफवी काळाचाच इतिहासकार. त्याने नोंदवलेली एक गोष्ट फार बोलकी आहे. शहाने शिया पंथ जाहीर केला खरा, पण त्या पंथाचे कायदे काय, हे तबरेजमध्ये कोणालाच नीट ठाऊक नव्हते. शोधाशोध केल्यावर एका काझीच्या ग्रंथसंग्रहात अल्लामा हिल्ली यांच्या धर्मशास्त्रावरील ग्रंथाचा पहिला खंड सापडला आणि त्यावरून शिकवण सुरू झाली. ओल्जाइतूच्या दरबारातले हिल्ली ते हेच. त्यांचा प्रयोग दोनशे वर्षांपूर्वी फसला होता, ग्रंथ मात्र उरला होता.

ग्रंथ सापडला तरी शिकवणारे हवेत. ते आणले गेले परदेशातून. आजच्या दक्षिण लेबनॉनमधला जबल आमिल हा डोंगराळ भाग, इराकमधली नजफ आणि हिल्ला, तसेच बहरीन हे शिया विद्येचे जुने मुलूख. तिथल्या अरबी पंडितांना सफवींनी जमिनी, वेतने आणि मान दिला. त्यांतले अग्रणी जबल आमिलचे अली अल-करकी. १५३३ च्या सुमारास शहा तहमास्पने फर्मान काढून त्यांना अदृश्य इमामाचे नायब मानले. अधिकाऱ्यांची नेमणूक आणि बडतर्फीही त्यांच्या शब्दावर व्हावी असे लिहून दिले. गावोगाव नमाज शिकवणारे इमाम नेमावेत, असा करकींचा आग्रह होता.

या फर्मानाचे महत्त्व त्या वेळी शहाच्याही ध्यानात आले असेल असे वाटत नाही. राजा जोवर स्वतः पीर होता तोवर धर्माची आणि राज्याची सत्ता एकाच हाती होती. इमामाचा नायब पंडित आहे असे खुद्द राजानेच मान्य केल्यावर राजा उरला नुसता राजा.

पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत या बीजाचा वृक्ष झाला. शहा अब्बास पहिला याने इस्फहानला राजधानी नेली, मदरसे आणि मशिदी उभारल्या, त्यांना वक्फ लावून दिले. करबला आणि नजफ बहुतेक काळ उस्मानींच्या ताब्यात असत. म्हणून त्याने मशहदच्या इमाम रझा यांच्या दर्ग्याचे माहात्म्य वाढवले. १६०१ मध्ये तो स्वतः इस्फहानपासून मशहदपर्यंत पायी गेला. सतराव्या शतकाच्या अखेरीस मुहंमद बाकिर मजलिसी यांनी शिया परंपरेतली वचने एका प्रचंड अरबी ग्रंथात एकत्र केली. आजच्या छापील रूपात त्याचे ११० खंड भरतात. त्याहून परिणाम झाला तो त्यांच्या सोप्या फारसी पुस्तकांचा. जन्म, लग्न, आजारपण, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी काय करावे, कोणती प्रार्थना म्हणावी, हे सामान्य माणसाला त्याच्या भाषेत कळू लागले. करबलाची कथा सांगणारे रौझाख्वान गावोगाव फिरत होते. तलवारीने जे तोंडी वदवून घेतले होते ते आता घरातल्या बायामुलांच्या रडण्यात उतरले.

राजाची आज्ञा आणि लोकांचा पंथ यांतले नाते किती बदलले होते, हे १५७६ मध्येच दिसले. त्या वर्षी गादीवर आलेल्या शहा इस्माईल दुसऱ्याने खलिफांची निर्भर्त्सना बंद करून देशाला सुन्नी मार्गाकडे वळवू पाहिले. किझिलबाश सरदार आणि शिया उलेमा दोघेही बिथरले. त्याला माघार घ्यावी लागली आणि वर्षभरातच तो मरण पावला. पाऊण शतकापूर्वी एका शहाने आज्ञेने पंथ लादला होता. आता दुसऱ्या शहाला आज्ञेने तो काढता येईना.

दख्खनमधला पडताळा

हा युक्तिवाद पडताळून पाहायला दूर जायला नको. इस्माईलने तबरेजमध्ये खुत्बा बदलला त्यानंतर लगेच, १५०२ च्या सुमारास, विजापुरात यूसुफ आदिलशहाने बारा इमामांच्या नावे खुत्बा वाचवला. फरिश्ता हा आधी अहमदनगरच्या आणि मग विजापूरच्या पदरी असलेला इतिहासकार. तो सांगतो की यूसुफने पैगंबरांच्या सहचरांविषयी अपशब्द काढण्यास मनाई केली होती. म्हणजे इराणातला तबर्रा त्याने इथे येऊ दिला नाही. शेजारी सुलतान चालून आले तेव्हा त्याने काही काळ हा बदल मागेही घेतला. त्याच्या मुलाने, इस्माईल आदिलशहाने, सैन्याला इराणी धर्तीची बारा चुण्यांची लाल टोपी घालायला लावली. नातवाने, पहिल्या इब्राहिमने, १५३४ मध्ये गादीवर येताच ती टोपी काढली, सुन्नी खुत्बा आणला, परदेशी सरदारांना कमी केले आणि हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला लावले. ही देशी भाषा म्हणजे मराठी, असे मराठी इतिहासकार मानतात. आदिलशाही दप्तरात ब्राह्मण कारकुनांचा शिरकाव झाला तो या फेरबदलात. १५५८ मध्ये अली आदिलशहा आला आणि विजापूर पुन्हा शिया झाले. दुसऱ्या इब्राहिमच्या काळात परत सुन्नी.

अहमदनगरची गत तशीच. इराणातून जीव वाचवून आलेल्या शहा ताहिर या विद्वानाच्या प्रभावाने बुऱ्हाण निजामशहाने १५३७ च्या सुमारास शिया पंथ घेतला. राजपुत्राचा आजार बरा झाल्याची कथा फरिश्ता त्यामागे सांगतो. शहा ताहिर स्वतः इस्माईली इमामांच्या एका शाखेतले, पण दरबारात त्यांनी प्रचार केला इस्ना अशरी पंथाचा. १५८९ मध्ये जमालखान या सरदाराने सत्ता बळकावून राज्याचा पंथ महदवी केला. दोन वर्षांनी दुसऱ्या बुऱ्हाणने तो पुन्हा शिया केला.

शंभर वर्षांत एवढ्या वेळा राज्याचे पंथ बदलले, पण दख्खनचे बहुसंख्य मुसलमान सुन्नी होते ते सुन्नीच राहिले. कारण उघड आहे. इथे राज्याचा पंथ हा आफाकी, म्हणजे इराण-तुराणातून आलेल्या सरदारांच्या, आणि दख्खनी सरदारांच्या गटांतल्या चढाओढीचा भाग होता. तो दरबाराच्या भिंतीबाहेर फारसा गेला नाही. गावोगाव इमाम नेमण्याची यंत्रणा नव्हती, बहुसंख्य प्रजा हिंदू होती आणि सूफींचे दर्गे राजाच्या पंथाची पर्वा न करता चालत होते. मागे राहिला तो मोहरम. अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, सवाऱ्या असोत की खेड्यापाड्यांतले ताबूत आणि पंजे असोत. ज्यांचा शिया पंथाशी काही संबंध नाही अशी सुन्नी आणि हिंदू घरे पिढ्यानुपिढ्या त्यांत मान घेत आली. दख्खनने सण घेतला, पंथ घेतला नाही. इराणने दोन्ही घेतले, कारण तिथे सणामागे संस्था होती.

मिंबर तख्तापासून सुटते

१७२२ मध्ये कंदाहारच्या सुन्नी अफगाणांनी इस्फहानला वेढा घालून सफवी सत्ता संपवली. राज्य गेले म्हणून पंथ गेला का? नाही. दिल्ली लुटणारा म्हणून आपल्याला माहीत असलेला नादिरशहा १७३६ मध्ये मुघानच्या मैदानावर इराणचा राजा झाला. आपल्याला राजा करायचे तर खलिफांची निर्भर्त्सना सोडा, अशी अट त्याने घातली. शिया पंथाला ‘जाफरी’ या नावाने सुन्नींच्या चार शाखांच्या जोडीला पाचवी शाखा म्हणून मान्यता मिळावी, यासाठी त्याने उस्मानींशी वाटाघाटी केल्या आणि १७४३ मध्ये नजफला उलेमांची परिषद भरवली. मशिदी-मदरशांच्या वक्फ जमिनींवरही त्याने हात टाकला. उस्मानींनी मान्यता दिली नाही, इराणी प्रजा मनापासून वळली नाही आणि १७४७ मध्ये नादिर मारला गेला. त्याच्या काळातला सर्वांत बलाढ्य सेनानी एका पंथाचे नुसते नाव बदलू शकला नाही.

या धामधुमीत पुष्कळ उलेमा नजफ-करबलाला गेले. तो उस्मानी मुलूख, म्हणजे इराणच्या शहाच्या हुकमाबाहेरचा. तिथे अठराव्या शतकात वहीद बेहबहानी यांच्या पुढाकाराने एक वाद निकाली निघाला. जुनी वचने वाचून ज्याने त्याने चालावे, हा एक पक्ष. शास्त्रावरून स्वतंत्र निर्णय काढण्याची पात्रता असलेल्या मुज्तहिदाला सामान्य माणसाने अनुसरावे, तोही हयात मुज्तहिद असला पाहिजे, हा दुसरा. दुसरा पक्ष जिंकला. शिया श्रद्धाळू आपल्या बचतीचा पाचवा हिस्सा, खुम्स, काढतो. त्यातला निम्मा ‘इमामाचा वाटा’ आता मुज्तहिदाकडे जाऊ लागला. ज्याच्याकडे अनुयायी जास्त त्याच्याकडे पैसा जास्त, आणि त्यातून विद्यार्थी आणि मदरसे. हा पैसा सरकारी तिजोरीतून येत नव्हता, व्यापारी पेठांतून थेट येत होता. उपकाराचे ओझे नसलेली धर्मसंस्था अशी तयार झाली.

तिची ताकद १८९१ मध्ये जगाला दिसली. काजार घराण्याच्या नासिरुद्दीन शहाने आदल्या वर्षी मेजर टॅलबट नावाच्या इंग्रजाला साऱ्या इराणच्या तंबाखूचा मक्ता पन्नास वर्षांसाठी दिला होता. मोबदला वर्षाला पंधरा हजार पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा. शेतकरी, दुकानदार, व्यापारी सगळेच चिडले. इराकमधल्या समर्रा इथे राहणारे मिर्झा हसन शिराझी यांच्या नावे डिसेंबर १८९१ मध्ये फतवा आला : तंबाखू ओढणे म्हणजे इमामाशी युद्ध. देशभर हुक्के थंडावले; शहाच्या जनानखान्यातही हुक्का भरेनात, असे सांगतात. जानेवारी १८९२ मध्ये मक्ता रद्द झाला. शहाकडे फौज होती, पण इमामाच्या नावाने बोलण्याचा हक्क त्याच्याकडे नव्हता. तो साडेतीनशे वर्षांपूर्वी तहमास्पने देऊन टाकला होता.

मिंबरच तख्त होते तेव्हा

विसाव्या शतकात याच्या पुढची पायरी आली. १९०६ च्या घटनात्मक क्रांतीत उलेमा दोन्ही बाजूंना होते. काहींनी लोकसभेला पाठिंबा दिला. लोकांचा कायदा शरियतच्या वर जाऊ नये म्हणणारे शेख फझलुल्ला नूरी १९०९ मध्ये क्रांतिकारकांच्या हातून फासावर गेले. म्हणजे उलेमांनी राज्य करावे हे शिया पंथाचे ठरलेले मत नव्हते. थोर पंडितांपैकी पुष्कळांचा कल सत्तेपासून दूर राहून तिला वेसण घालण्याकडे होता.

‘विलायत-ए-फकीह’, म्हणजे इमाम अदृश्य असताना राज्य धर्मशास्त्रज्ञाने करावे, हा विचार आयातुल्ला खोमैनी यांनी १९७० मध्ये नजफच्या व्याख्यानांत मांडला. नजफमधलेच ज्येष्ठ आयातुल्ला खोई यांना तो मान्य नव्हता. पण डिसेंबर १९७८ मध्ये मोहरमच्या नवव्या आणि दहाव्या दिवशी तेहरानच्या रस्त्यांवर शहाविरुद्ध लोटलेल्या अफाट मोर्चांनी शास्त्रार्थ मागे टाकला. सफवींनी राजाश्रयाने वाढवलेला शोकसोहळा राजेशाहीच्या अंताचा सोहळा झाला.

१९७९ च्या राज्यघटनेचे बारावे कलम सांगते की इराणचा अधिकृत धर्म इस्लाम आणि अधिकृत पंथ बारा इमामांचा जाफरी पंथ. हे कधीही बदलता येणार नाही. सुन्नींच्या चारही शाखा आणि झैदी यांना पूर्ण आदर, लग्न-वारसा यांत आपापला कायदा, बहुसंख्या असेल तिथे स्थानिक नियम आपल्या पंथाप्रमाणे, असे आश्वासन त्याच कलमात आहे. पण ११५ व्या कलमाप्रमाणे राष्ट्राध्यक्ष अधिकृत पंथाचाच हवा. कुर्दिस्तानातले शाफई, बलुचिस्तान आणि तुर्कमान प्रदेशातले हनफी असे इराणचे सुन्नी सीमेच्या कडेकडेने राहतात. सोळाव्या शतकातली लाट जिथवर पोहोचली नाही तिथे. राजधानी तेहरानमध्ये आपल्याला मोठी अधिकृत मशीद बांधू दिली जात नाही, ही त्यांची जुनी तक्रार. ३० सप्टेंबर २०२२ रोजी बलुचिस्तानातल्या झाहेदानमध्ये शुक्रवारच्या नमाजानंतर सुरक्षा दलांनी केलेल्या गोळीबारात कित्येक जण मारले गेले. आणि इराणातच जन्मलेल्या बहाई धर्माला तर घटनेत नावही नाही. मान्यता आहे ती झरतुष्ट्री, यहुदी आणि ख्रिस्ती या तिघांनाच.

याची किंमत अल्पसंख्यांनीच मोजली असे नाही. जानेवारी १९८८ मध्ये खोमैनी यांनी लिहिले की इस्लामी राज्याचे रक्षण हे पहिले कर्तव्य आहे आणि त्यासाठी गरज पडल्यास नमाज, रोजा, हज यांसारखी कर्तव्येही बाजूला ठेवता येतात. १९८९ च्या घटनादुरुस्तीत सर्वोच्च नेता हा सर्वोच्च श्रेणीचा पंडित, म्हणजे मर्जा, असलाच पाहिजे ही अट काढून टाकण्यात आली. शरीअतमदारी आणि मुन्तझिरी यांसारख्या ज्येष्ठ आयातुल्लांनी मतभेद दाखवले तेव्हा त्यांना घरात कोंडले गेले. शहाला मक्ता रद्द करायला लावणारी जी स्वतंत्र धर्मसंस्था होती, तिचे पुष्कळसे स्वातंत्र्य तिच्याच नावाने चालणाऱ्या राज्याने काढून घेतले.

देशाचा पंथ म्हणजे त्या मातीचा स्वभाव, असे आपण सहज समजतो. इराणचा इतिहास सांगतो की तो घडवावा लागतो. आणि त्यासाठी तलवार पुरत नाही, गावचा शिक्षक, घरातले पुस्तक, वर्षाचा शोक आणि स्वतंत्र पैसा लागतो. ओल्जाइतू आणि विजापूरचे सुलतान यांच्याकडे हे नव्हते, म्हणून त्यांचे पंथ त्यांच्याबरोबर गेले. सफवींनी ते उभे केले, म्हणून सफवी गेले तरी पंथ राहिला. मिंबर जोवर तख्तापासून वेगळे होते तोवर शहाच्या जुलमाविरुद्ध तंबाखूवाल्याला दाद मागायला एक जागा होती. तख्त आणि मिंबर एक झाल्यावर झाहेदानच्या सुन्नी बलुचाने आणि कुमच्या शिया पंडितानेही दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न आता इराणपुढे आहे.